तिथीचा रकाना
वेबसाइटवर लावायच्या कॅलेंडरांत हल्ली काय नवं येतंय ते या आठवड्यात पाहिलं: बारा महिने एका पडद्यावर, बैठक बोटाने उचलून गुरुवारावर टाकायची सोय, रात्रीसाठी काळा रंग. छान. पण किनाऱ्यावरच्या पाली गावातल्या डोलकरासाठी, म्हणजे डोल जाळं लावणाऱ्या कोळ्यासाठी, यात काय? डोल जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. पुनव-अवसेच्या उधाणाला बोंबील लागतो, अष्टमीच्या भांगाला पाणी मंदावतं. त्याचा आठवडा सोमवारी नाही, तिथीने सुरू होतो. पंधरवड्यातली तिथी पाऊणपट केली की भरतीचा अदमासे तास निघतो, त्याला इंटरनेट लागत नाही. ब्राउझरला आपली १९५७ची सरकारी शक दिनदर्शिका येते, पण ती सौर. चंद्राशी तिचं देणंघेणं नाही. तिथी साधारण १९ ते २६ तासांची, कधी दोन सूर्योदय खाते, कधी एकही न बघता निघून जाते, म्हणून प्रोग्रामर तिच्या वाटेला जात नाहीत. (जावास्क्रिप्टमध्ये जानेवारी हा शून्यावा महिना असतो, ते मात्र त्यांना चालतं!) ‘कालनिर्णय’ १९७३पासून हीच तिथी भिंतीवरच्या कागदात बसवतंय. तेव्हा किनाऱ्यावर कॅलेंडर खपवायचं तर आधी तिथीचा रकाना द्या, रंग मग बघू. आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बैठका हव्या तेवढ्या टाका, तेव्हा माणसं घरी असतात.