माडियाचे गिऱ्हाईक किती?

पर्लकोटा फुगली की भामरागडचा रस्ता तुटतो, हे वर्षानुवर्षे चालत आलेले. रस्त्यापाठोपाठ वीज जाते, विजेपाठोपाठ मोबाइलची रेंज. अशा मुलखात 'ऑनलाइन शिक्षण' म्हणणाऱ्याकडे लोक कीव करून पाहतात. माझे मत थोडे निराळे आहे.

'मूडल' हे सॉफ्टवेअर घ्या. धडे, स्वाध्याय, चाचण्या, गुण असे सारे एका जागी ठेवणारी ही व्यवस्था ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामस यांनी २००२ साली जगापुढे ठेवली. हे गृहस्थ लहानपणी तिथल्या वाळवंटात, शहरापासून शेकडो मैलांवर, रेडिओवरून भरणाऱ्या शाळेत शिकले. त्यामुळे असेल कदाचित, पण मूडलच्या मोबाइल अ‍ॅपवर धडा एकदा उतरवून घेतला की तो रेंजशिवाय वाचता येतो. शिक्षकाने मुभा ठेवली असेल तर चाचणीही सोडवता येते. उत्तरे बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर पोचती करावीत.

शिवाय ते 'ओपन सोर्स' आहे. त्याची संहिता उघडी. कोणीही वापरावी, बदलावी, परवान्याचे पैसे नाहीत. गडचिरोलीकरांना ही कल्पना नवी नाही. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल एकट्याचे नाही, म्हणून कोणी एकटा ते विकू शकत नाही. राखावे मात्र सगळ्यांना लागते.

उलट बाजूही मी पाहिली आहे. बँकेत असताना एका विकतच्या प्रणालीचा करार संपला आणि आमचीच जुनी खाती आम्हाला वाचता येईनात! आणखी एक गोष्ट भाषेची. मूडलच्या पडद्यावरचे शब्द माडियात घालायचे तर कोणाची परवानगी लागत नाही. कंपनी आधी विचारील, माडियाचे गिऱ्हाईक किती?

अर्थात फुकटच्या वस्तूलाही खर्चाची बाजू असते. सर्व्हर हवा, रोजचा बॅकअप हवा, प्राध्यापकांना शिकवणारे कोणी हवे. चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झाले. महाविद्यालयांनी आपापली पॅकेजे घेत बसण्यापेक्षा विद्यापीठाने दोन्ही जिल्ह्यांसाठी एकच मूडल चालवावे आणि ते राखायला दोन माणसे कायम पगारावर नेमावीत. कंत्राटी नकोत. कंत्राटी माणूस मार्चअखेर जातो आणि पासवर्डही बरोबर नेतो.