गाठ काढण्याची घाई नको

मांडीवर किंवा दंडावर आलेली गाठ बहुतेक वेळा चरबीची आणि निरुपद्रवी असते. म्हणूनच ‘दुखत नाही ना, मग राहू द्या’ किंवा ‘जागेवर भूल देऊन लगेच काढून टाकू’ असे सल्ले सहज दिले जातात. मात्र काही थोड्या रुग्णांत ही गाठ सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ ऊतींचा कर्करोग असते. आणि तीही सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

सार्कोमाभोवतीचे आवरण फसवे असते. त्यातही कर्कपेशी असतात. नुसती गाठ सोलून काढली, तर त्या मागे राहतात. मग दुसरी, अधिक मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. कधी हात किंवा पायही गमवावा लागतो.

वास्तविक आज बहुतेक रुग्णांचा हात-पाय वाचवता येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९८२ मध्ये ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अवयव कापलेल्या आणि तो राखून शस्त्रक्रियेबरोबर किरणोपचार दिलेल्या रुग्णांच्या जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. त्यासाठी क्रम मात्र पाळायला हवा : आधी एमआरआय, मग सुईने तुकडा घेऊन बायोप्सी आणि त्यानंतरच भोवतालच्या निरोगी ऊतींच्या थरासह गाठ काढणे.

गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी, खोलवर किंवा वाढती असेल, तर तपासणीआधी तिला सुरी लावू नये; रुग्णाला कर्करोग रुग्णालयात पाठवावे. आणि काढलेली प्रत्येक गाठ, कितीही साधी वाटली तरी, पॅथॉलॉजी तपासणीला गेलीच पाहिजे.