कचेऱ्या एक झाल्या, खर्च कोणाचा वाचला?

न्यायाधिकरणांच्या कचेऱ्या एकत्र करण्याचे धोरण सरकारने धरले, त्यामागचा हिशेब साधा आहे. इमारतीचे भाडे, रजिस्ट्रार, कारकून, शिपाई, गाड्या यांवरचा खर्च वाचावा. व्यापारी माणसाला हे पटते. दोन दुकानांना एक मुनीम पुरत असेल तर दोन कोण ठेवील?

पण बचत कोणाच्या वहीत जमा झाली, तेही पाहिले पाहिजे. पीएफच्या अपिलाचेच घ्या. वीस किंवा अधिक कामगारांच्या सायझिंगवाल्याला, प्रोसेस हाऊसवाल्याला हा प्रकार ठाऊक आहे. कंत्राटदाराची माणसे तुमच्या खात्यावर धरून पीएफ कार्यालयाने आकारणी केली, तर आपल्याकडचे अपील पूर्वी दिल्लीला जात असे. १९५२ च्या कायद्याने अट घातली होती, की आकारलेल्या रकमेपैकी ७५ टक्के आधी भरा, मग दाद मागा. ती अट शिथिल करणे न्यायाधिकरणाच्या मर्जीवर. चार लाखांच्या मागणीत सुताच्या खरेदीचे तीन लाख अडकले. वर रेल्वेचे भाडे, मुक्काम, दिल्लीच्या वकिलाची फी. तारीख पुढे गेली की तोच खर्च पुन्हा. मग कित्येक लहान कारखानदार मुकाट्याने पैसे भरून मोकळे होत.

२०१७ च्या वित्त कायद्याने २६ मे २०१७ पासून हे काम केंद्राच्या औद्योगिक न्यायाधिकरणांकडे दिले. ती मुंबईत आणि नागपुरात आहेत. भिवंडीचा माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतो. खरी बचत ही, आणि ती सरकारच्या अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही.

उलटा नमुनाही आहे. त्याच २०१७ मध्ये कॉपीराइट बोर्ड बौद्धिक संपदा अपील मंडळात मिसळले आणि २०२१ मध्ये ते मंडळच मोडीत काढले. (भाडेकरूला घर दिले आणि चार वर्षांत घरच पाडले!) तिजोरीवर मोठा भार आणि निकालही लवकर लागत नाहीत, असे कारण सरकारने दिले. आता साडीच्या मार्क्याबाबत रजिस्ट्रारच्या हुकुमाविरुद्ध अपील थेट हायकोर्टात. तिथल्या वकिलाची फी तिजोरीतून जात नाही, आपल्या गल्ल्यातून जाते.

तेव्हा कचेरी एक करा, दफ्तर एक करा, कोणाची तक्रार नाही. न्यायाधीशाची खुर्ची रिकामी ठेवून मात्र बचत दाखवू नका. औद्योगिक न्यायाधिकरणांकडे कामगारांचे तंटे आधीच होते, त्यांत पीएफची अपिले आली. आपल्या असोसिएशनांनी एवढेच मागावे, की वाचलेल्या पैशातून महिन्याचे दोन दिवस भिवंडीत आणि दोन दिवस मालेगावात फिरते कामकाज ठेवा.