बोंडूच्या रसाचा प्रकल्प शाळेत का असावा?

पुढच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या काही मुलांनी 'काजूच्या बोंडूचा रस कसा आंबतो' हा विषय मागितला आणि पालकसभेत कुजबुज सुरू झाली. शाळेत दारूचा प्रकल्प? शंका काढणाऱ्यांना मी दोष देत नाही. व्यसनापायी बसलेले एखादे घर आपण सर्वांनीच जवळून पाहिले आहे. तरीही हा विषय नाकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आंबवणे आपल्या घराला नवे नाही. इडलीचे पीठ फुगते, दुधाचे दही होते. आपल्या गोव्यातले पोदेर तर पूर्वी पाव फुगवायला सूर वापरीत. पाठ्यपुस्तकात यालाच 'किण्वन' म्हणतात आणि मुले व्याख्या पाठ करून मोकळी होतात!

या विषयाचा इतिहास मोठा रंजक आहे. १८५६ साली लुई पाश्चर फ्रान्समधील लील येथे प्राध्यापक होते. त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा बीटापासून मद्यार्क बनवण्याचा कारखाना होता आणि तेथील काही पिंपांतला माल आंबट होऊन नासत होता. पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर चांगल्या पिंपात यीस्टच्या गोल पेशी, नासलेल्या पिंपात काड्यांसारखे बारीक जंतू. जंतूंमुळे रोग होतात या विचाराकडे जाणारी एक वाट या कारखान्यातून निघाली. पुढे १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट ठेचून त्याचा रस काढला आणि तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली. जिवंत पेशी नसतानाही रस फसफसू लागला! या शोधासाठी त्यांना १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज हेपटायटिस बी ची लससुद्धा यीस्टच्या मदतीने तयार होते.

आणि आपल्या दाराशी काय आहे? पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला काजू. हंगामात बोंडू तुडवून काढलेला रस बाहेरून यीस्ट न घालताही काही दिवसांत आंबतो. भट्टीवर त्याचा आधी हुर्राक आणि पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी होते. २००९ साली फेणीला भौगोलिक उपदर्शन मिळाले. भट्टीचा वास गावभर सुटत असताना मुलांना त्यातले काही कळू नये, ही अपेक्षाच भाबडी आहे. शाळेने सांगितले नाही, तर दुसरे कोणीतरी सांगणारच.

शाळेत करायचे ते एवढेच. हंगामात रसाच्या तीन बाटल्या भरायच्या, तोंडाला फुगे लावायचे. एक बाटली फळीवर, दुसरी शीतकपाटात, तिसरीतला रस आधी उकळून घेतलेला. कोणता फुगा आधी फुगतो आणि कोणता मलूल राहतो, हे पाहायचे. हायड्रोमीटरने रसाची घनता रोज मोजून आलेख काढायचा. साखर संपत जाते तशी घनता उतरते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून समीकरणानुसार ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळायला हवा. प्रत्यक्षात मद्यार्क थोडा कमीच भरतो. तो कमी का भरला, हे शोधण्यातच खरे संशोधन आहे.

मात्र काही बाबतींत तडजोड नको. रस कोणीही चाखायचा नाही. बाटलीला घट्ट बूच लावायचे नाही, वायूच्या दाबाने ती फुटते. ऊर्ध्वपातन शाळेत मुळीच नको. मद्यार्काची वाफ चटकन पेट घेते, शिवाय ते परवानाधारकांचे काम आहे. प्रयोग संपला की शिक्षकांसमोर रस ओतून टाकायचा. आणि प्रदर्शनातल्या तक्त्यावर मद्यार्काने यकृताचे काय होते, तेही तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहायचे.

विश्वस्त मंडळाकडे मागणे थोडेच आहे: दोन हायड्रोमीटर आणि आणखी एक बरा सूक्ष्मदर्शक. बोंडू मुले स्वतःच घेऊन येतील.