हरिगोल, महाशीर आणि नोंदवही

समुद्राच्या फुटत्या लाटांतून चिंचोळी नाव एकट्याने वल्हवीत न्यायची, मोठा मासा गळाला लावायचा आणि त्याच्या ओढीबरोबर नावेसह फरफटत जायचे, हा खेळ आज हवाई बेटांपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत अनेकांना प्रिय आहे. त्या नावेस कयाक म्हणतात. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. तिची एक दूरची बहीण पाहावयास मात्र समुद्रापर्यंत जाण्याचे कारण नाही. बंगळूरच्या मारतहळ्ळीत राहणारे कुटुंब सकाळी निघाले, तर दुपारच्या आत 100 किलोमीटरच्या आसपास असलेल्या भीमेश्वरीला, कावेरीच्या काठी पोहोचते. तेथे पाण्यावर डोलणारी गोल टोपली दिसते, तिचे नाव हरिगोल.

हरिगोल म्हणजे बांबूच्या कामट्यांची उथळ टोपली. पूर्वी तिला बैलाचे कातडे मढवीत. आता जाड प्लॅस्टिकचे कापड आणि डांबर वापरतात. 1520 च्या सुमारास विजयनगरास आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने अशाच कातडी टोपल्यांतून नदी ओलांडणाऱ्या माणसांचे वर्णन करून ठेवले आहे. हिला पुढची बाजू नाही आणि मागचीही नाही. त्यामुळे खडकावर आपटली तरी ती स्वतःभोवती एक गिरकी घेऊन सुटते. खळाळत्या, खडकाळ पाण्यात ताठ नावेपेक्षा हा गुण अधिक कामाचा.

या टोपलीतून ज्याच्या मागे जावयाचे तो मासा म्हणजे महाशीर. त्यातही कावेरीचा महाशीर वेगळाच. त्याच्या पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असतो आणि अंगावर सोनेरी झाक. त्याच्या जबड्यात दात नाहीत. ते घशात असतात आणि त्यांनी तो गोगलगाई व खेकडे भरडतो. 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एका सद्गृहस्थाने कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदीत 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलो वजनाचा महाशीर गळाने काढला.

नाचणीच्या पिठाचा गोळा गळाला लावून तो डोहाच्या तोंडाशी सोडीत. मासा लागला की तो प्रवाहाच्या बाजूने धाव घेई, दोरा खडकाच्या कडेवर घासू लागे आणि काठावर उभ्या असलेल्या माणसाचे काही चालत नसे. अशा वेळी नावाडी हरिगोल पाण्यात लोटी आणि माशाच्या मागोमाग खळाळ उतरून जाई. अर्धी झुंज गळकाठीची, तर अर्धी त्या नावाड्याच्या वल्ह्याची असे. या वाटाड्यांपैकी काही जण पूर्वी सुरुंग लावून मासे मारणारे होते. गळाच्या शिबिरांनी त्यांना काम दिले आणि तेच नदीचे राखणदार झाले.

या शिबिरांचा नियम असा की, पकडलेला मासा मोजून, तोलून पुन्हा पाण्यात सोडावयाचा आणि वहीत त्याची नोंद करावयाची. कावेरीवरील गलीबोरे येथील 1998 ते 2012 या काळातील अशा नोंदी पुढे शास्त्रज्ञांच्या हाती आल्या. 23 हजारांहून अधिक तासांची मासेमारी आणि 6 हजारांवर महाशीर यांचा तो हिशेब होता. त्यातून जे निघाले ते अनपेक्षित होते. गळाला लागणाऱ्या माशांची एकूण संख्या वाढत होती. परंतु सोनेरी, वशिंडाचे महाशीर वर्षागणिक कमी होत होते. त्यांची जागा निळसर परांचा दुसराच महाशीर घेत होता.

तो मासा आपल्याच मुलखातला. 1839 साली कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून त्याला ‘खुद्री’ हे शास्त्रीय नाव दिले. धरणे आणि सुरुंग यांमुळे महाशीर घटू लागले, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात 1970 च्या दशकापासून खुद्रीची पैदास सुरू झाली. ते काम खरोखर मोलाचे होते. त्याची बोटुकली देशातील अनेक जलाशयांत गेली, तशी कावेरीतही सोडली गेली. हेतू एकच होता, महाशीर वाचावा. मात्र महाशीर म्हणजे एकच मासा नव्हे, आणि एका नदीचा रहिवासी दुसऱ्या नदीत पाहुणा न राहता घरधनी होऊ शकतो, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, जगभर कीर्ती मिळविलेल्या त्या वशिंडाच्या माशास शास्त्रात निश्चित नावही नव्हते. केरळातील पंबार या कावेरीच्या उपनदीतून वर्णिलेला ‘टोर रेमादेवी’ तो हाच, हे 2018 साली सिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. आता तो मोयार नदीसारख्या मोजक्याच ठिकाणी उरला आहे. वन्यजीव कायद्याच्या नव्या अन्वयार्थामुळे 2012 पासून अभयारण्यातील गळाची शिबिरे थांबली. त्यांच्याबरोबर नदीकाठचा रोजचा पहारा गेला आणि नोंदवहीही मिटली.

मारतहळ्ळी बेळ्ळंदूर आणि वर्तूर या दोन तलावांच्या मध्ये वसली आहे. काचेच्या पेटीतले मासे मोठे झाले, की त्यांना जीवदान म्हणून जवळच्या तळ्यात सोडण्याचा मोह कोणत्याही दयाळू घरात होतो. मुलांना याच वेळी कावेरीची ही कथा सांगावी. दया चांगलीच; पण ती कोणत्या पाण्यात, कोणावर करीत आहोत, हे ठाऊक असल्यावाचून ती पुरी होत नाही. मुलांना हौस असेल, तर एक वही द्यावी. तळ्याकाठी जाताना तारीख, वेळ, दिसलेला पक्षी, मासा, पाण्याचा रंग एवढेच त्यांनी लिहावे. हौशी गळवाल्यांनी 14 वर्षे इमानाने भरलेल्या वहीमुळेच कावेरीतील हानी जगाला कळली, हे पालकांनी विसरू नये.