कागद खरा की खोटा, हे आधी शिकवा

पत्रकारितेची पदवी घ्यायला निघालेल्या मुलाला घरात हमखास एक टोमणा ऐकावा लागतो : टिळक-आगरकर कुठल्या विद्यापीठात पत्रकारिता शिकले होते? या टोमण्याला कोल्हापूरच्या इतिहासातच उत्तर आहे. चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होतोय, असा आरोप 'केसरी' आणि 'मराठा'ने दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर केला. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला, ती बनावट निघाली. माफी मागूनही १८८२ मध्ये अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा झाली आणि दोन्ही संपादकांनी १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. म्हणजे महाराजांविषयीची काळजी अनाठायी नव्हती, लेखणीत धारही होती. कच्चे होते ते हातातले कागद. तळमळ शिकवता येत नाही, हे खरे. कागद पारखणे मात्र शिकवता येते आणि विद्यापीठाने आधी तेच शिकवावे.

त्यासाठी कोल्हापूरसारखी प्रयोगशाळा नाही. पावसाळ्यात 'राधानगरीचे दरवाजे उघडले' एवढा निरोप मोबाइलवर आला, की नदीकाठच्या गल्ल्यांत सामान माळ्यावर चढू लागते. विद्यार्थ्याने इथे थांबून विचारावे : दरवाजे किती, विसर्ग किती क्युसेक, वेळ कुठली? धरण भरले की हे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, मग 'प्रशासनाने पाणी सोडले' हे वाक्य बरोबर कसे? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. मग बातमीतला आकडा कोणत्या बंधाऱ्यावरचा, किती वाजताचा? सोबतचा फोटो आजचा, की २०१९ च्या महापुरातला? एवढी चौकशी झाली, तरच ती बातमी; नाहीतर नुसती आवई.

हे सगळे कचेरीत काम करता करता येते, असा आक्षेप घेतला जाईल. पूर्वी येत असे, कारण नवख्याची बातमी मुख्य उपसंपादकाच्या लाल शाईतून गेल्याशिवाय छापली जात नसे. आता ती घटनास्थळावरून थेट वाचकाच्या हातात पोचते. चूक दुरुस्त होईपर्यंत ती गावभर झालेली असते. दुसरा आक्षेप नोकरीचा, आणि तो रास्त आहे : पदवी मिळाली म्हणून नोकरी मिळेलच असे नाही. पण म्हणूनच संज्ञापनाच्या व्याख्या घोकून घेण्यापेक्षा सातबारा, महापालिकेचे अंदाजपत्रक, पूररेषेचा नकाशा आणि न्यायालयाचा निकाल वाचायला शिकवावे, माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून घ्यावा. ज्याला हे जमते, त्याला बातमीदारी नाही मिळाली तरी ही विद्या वाया जात नाही. आणि बातमीदारी मिळालीच, तर खरी तक्रार खोट्या कागदापायी कोर्टात हरण्याची पाळी त्याच्या वाचकांवर येणार नाही.