विश्लेषण : बंद पडलेली हार्ड डिस्क कंपनीला परत द्यावी का?

पाच हजार रुपयांची हार्ड डिस्क दीड वर्षात बंद पडते. वॉरंटी तीन वर्षांची असते, बिलही सापडते. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, 'जुनी जमा करा, आठवडाभरात बदलून मिळेल.' ग्राहक खूश होऊन घरी येतो आणि रात्री कधीतरी त्याला आठवते की, त्या डिस्कवर घरातल्या चौघांचे आधार आणि पॅनकार्ड होते, दहा वर्षांचे फोटो होते, आयकर विवरणपत्रे, गृहकर्जाची कागदपत्रे आणि 'पासवर्ड' याच नावाची एक एक्सेल फाइलही होती. डिस्क चालतच नव्हती, त्यामुळे ती पुसून देण्याचा प्रश्नच आला नाही. जुनी वस्तू विकताना माणूस थोडाफार विचार तरी करतो, बिघडलेली परत करताना तोही करत नाही. खरा धोका इथेच आहे.

बंद पडलेल्या डिस्कवरची माहिती जाते का?

अनेकदा जात नाही. हार्ड डिस्कमध्ये माहिती असते ती चुंबकीय थर दिलेल्या चकत्यांवर. बाहेरचा सर्किट बोर्ड जळला किंवा आतले वाचणारे 'हेड' खराब झाले, की संगणकाला डिस्क दिसेनाशी होते, पण चकत्या शाबूत राहतात. 'डेटा रिकव्हरी'चा सगळा धंदा याच गोष्टीवर उभा आहे. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावायचा, जुन्या बोर्डवरची छोटी चिप त्यावर बसवायची, की बरेचदा डिस्क पुन्हा बोलू लागते. मालकाला पैसे मोजून फोटो परत मिळत असतील, तर परक्यालाही ते मिळू शकतात.

सामान्य माणसाच्या डिस्कवर कोण एवढा खर्च करणार, असे यावर विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण वॉरंटीत परत गेलेली डिस्क दुरुस्त करण्याचा खर्च कोणी माहितीसाठी करत नसते. बिघाड किरकोळ निघाला, तर ती दुरुस्त होऊन 'रिफर्बिश्ड' म्हणून दुसऱ्या ग्राहकाकडे जाऊ शकते. बदली म्हणून अशी डिस्क देण्याची मुभा अनेक कंपन्यांच्या अटींत असते. त्याच अटींत डिस्कवरील माहितीची जबाबदारी आमची नाही, असेही लिहिलेले असते. मध्ये ती नीट पुसली जाते की नाही, हे ग्राहकाला तपासता येत नाही. त्याला फक्त विश्वास ठेवता येतो.

तो विश्वास कितपत ठेवावा?

अमेरिकेतील एमआयटीचे सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलत यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क बाजारातून विकत घेऊन तपासल्या. त्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. चालू स्थितीतल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक त्यांच्या हाती लागले. एक डिस्क तर एटीएम यंत्रातली असावी, अशी निघाली.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून द्यावी, तर मॉर्गन स्टॅन्लीचे प्रकरण आहे. या बलाढ्य वित्तसंस्थेने जुने सर्व्हर आणि डिस्क मोडीत काढण्याचे काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिले. माहिती नष्ट करण्याचा त्या कंपनीला अनुभव नव्हता. तिने ती उपकरणे पुढे विकली आणि त्यांतली काही ग्राहकांच्या माहितीसह ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर पोहोचली. सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहिती नीट सांभाळली नाही, म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकी रोखे बाजार नियामकाने तिला ३.५ कोटी डॉलरचा दंड केला. यातला सर्वांत बोलका तपशील असा की, काही उपकरणांत माहिती कूटबद्ध करण्याची, म्हणजे एन्क्रिप्शनची सोय होती. ती वर्षानुवर्षे कोणी सुरूच केली नव्हती.

फॉरमॅट केले की पुरे?

'क्विक फॉरमॅट' म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणे, पाने तशीच राहतात. विंडोजमध्ये त्यावरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केले, की साध्या हार्ड डिस्कवर सगळीकडे शून्ये लिहिली जातात. त्याला तासन्‌तास लागतात, पण घरगुती गरजेला ते पुरते. पस्तीस वेळा पुसण्याचे सल्ले इंटरनेटवर अजून फिरत असतात. आजच्या डिस्कना त्याची गरज नाही.

एसएसडी आणि पेनड्राइव्हचे गणित वेगळे. त्यांतला कंट्रोलर झीज सारखी व्हावी म्हणून माहिती सतत इकडून तिकडे हलवतो आणि काही जागा संगणकाला दाखवतच नाही. त्यामुळे वरून लिहिले, तरी जुन्या प्रती मागे राहू शकतात. एसएसडीसाठी उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधील 'सिक्युअर इरेज' वापरणे बरे. अर्थात हे सगळे डिस्क चालू असेल तरच.

फोन दुरुस्तीला देताना काय?

इथे परिस्थिती बरीच सुधारली आहे. गेल्या काही वर्षांतल्या आयफोन आणि अँड्रॉइड फोनमध्ये माहिती कूटबद्धच असते. 'फॅक्टरी रिसेट' केल्यावर तिची किल्लीच नष्ट होते. स्क्रीन फुटल्याने रिसेट करता आले नाही, तरी पिन ठाऊक नसलेल्याला आतले वाचणे फार अवघड जाते. मग आपण काय करतो? काउंटरवरच्या पावतीवर तोच पिन पेनाने लिहून देतो. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' आहे. तो सुरू केला, की तंत्रज्ञाला फोन तपासता येतो, पण फोटो आणि संदेश दिसत नाहीत. दुकानात ही सोय कोणी आपणहून सांगेल, अशी अपेक्षा नको. मेमरी कार्ड मात्र आधी काढून घ्यावे, ते सहसा कूटबद्ध नसते.

संगणकावर उतरवलेल्या ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, म्हणून अनेक जण निर्धास्त असतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष. शाळा सोडल्याचा दाखला शेजारच्याच फोल्डरमध्ये असेल, तर ते कुलूप कसले? झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकाच्या 'डाउनलोड्स'मध्ये तर अशा कितीतरी फायली साचतात आणि तो संगणकही कधीतरी बिघडतोच.

मग उपाय काय?

कुलूप पहिल्या दिवशी लावणे. नव्या डिस्कवर पहिली फाइल टाकण्याआधी एन्क्रिप्शन सुरू केले, तर पुढे ती जळो, बुडो वा बंद पडो, परत देताना काही पुसावे लागत नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट, आणि होम आवृत्तीवर बाहेरची डिस्क कुलूपबंद करायला व्हेराक्रिप्ट मोफत मिळते. किल्ली हरवली, तर मालकालाही माहिती मिळत नाही. त्यामुळे ती कागदावर लिहून कपाटात ठेवावी आणि माहितीची दुसरी प्रतही असावी.

पण सगळा भार ग्राहकावर टाकून चालणार नाही. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्या खराब डिस्क स्वतःकडेच ठेवून नवी मिळवण्याची सेवा विकतात. तिचा वापर प्रामुख्याने संस्था आणि कंपन्या करतात. म्हणजे डिस्क परत न घेताही व्यवहार होऊ शकतो, हे उद्योगाला मान्य आहे. मग पाच हजारांच्या डिस्कवाल्यालाही थोडे पैसे भरून किंवा फोडलेल्या डिस्कचे तुकडे आणि अनुक्रमांकाचे लेबल दाखवून बदली मिळायला काय हरकत आहे?

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. मात्र वॉरंटीत परत आलेल्या डिस्कबद्दल स्वतंत्र शब्द नाही. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांचा रोख पुनर्वापरावर आणि धातू परत मिळवण्यावर आहे. डिस्क ठेवण्याचा पर्याय प्रत्येक वॉरंटीत असावा, एवढी एक ओळ केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याला आणता येईल.

तोवर हिशेब ज्याचा त्याने करायचा. डिस्कवर सिनेमे आणि गाणी असतील, तर खुशाल परत द्यावी. कागदपत्रे असतील, कुलूप नसेल आणि डिस्क चालत नसेल, तर पाच हजारांवर पाणी सोडलेले परवडते. फोडताना हातोडा बोर्डावर मारून उपयोग नाही, आतल्या चकत्यांपर्यंत पोहोचायला हवे. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या चकत्या अनेकदा काचेच्या असतात, त्यामुळे डिस्क जाड कापडात गुंडाळावी आणि डोळ्यांवर चश्मा ठेवावा. एसएसडीत प्रत्येक चिप फुटली पाहिजे. उरलेले तुकडे अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावेत.